फवारलं की आठ दिवस हिरवं, मग पुन्हा पिवळं: क्षारपड रानात संप्रेरकांचा गुण का टिकत नाही

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात मार्च लागला की एक तक्रार हमखास कानावर येते. "उसावर टॉनिक मारलं, चार-पाच दिवसांत काळोखी आली. पंधरवडा गेला अन् परत तेच. खालच्या पानांची टोकं करपली, फुटवे थांबले. परत मारलं, परत तसंच." एकेका हंगामात अशा तीन-तीन फवारण्या होतात. दरवेळी बाटली वेगळी, खर्च वाढता, आणि रानाचा तो सखल कोपरा मात्र होता तसाच.

दुकानात विचारलं तर आणखी भारीतली बाटली पुढं येते. बांधावर विचारलं तर "सगळी टॉनिकं फसवी" असं ऐकायला मिळतं. मला दोन्ही पटत नाही. खारवट जमिनीत वनस्पती संप्रेरकांचा, म्हणजे झाडाच्या वाढीला आणि ताणाला इशारे देणाऱ्या द्रव्यांचा, उपयोग होतो, आणि तो का होतो हेही आता बऱ्यापैकी उलगडलेलं आहे. फक्त संप्रेरक काम करतं ते झाडावर. मातीतलं मीठ त्यानं चिमूटभरसुद्धा हलत नाही. पिकाला तग धरायला थोडे दिवस मिळतात, आणि तेवढ्या दिवसांत मुळाजवळचं मीठ खाली गेलं नाही तर लक्षणं परतणारच. म्हणून पुढची बाटली आणण्याआधी खाली दिलेल्या क्रमानं तपासत जा. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बरेच जण शेवटून सुरुवात करतात.

हिरवेपणा नक्की कशानं आला?

पंपात काय काय टाकलं होतं ते आठवा. टॉनिकबरोबर १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत) किंवा युरिया, शिवाय फेरस सल्फेट, झिंक असं बहुतेक वेळा मिसळलेलं असतं. चार दिवसांत आलेली काळोखी बहुतांशी नत्राची आणि लोहाची असते. आपल्या काळ्या रानात चुनखडी भरपूर, त्यामुळं लोह मातीत असूनही मुळाला मिळत नाही. पानावर फवारलं की लगेच रंग चढतो. संप्रेरकाचा खरा परिणाम रंगात शोधायचा नसतो. तो फुटव्यांच्या संख्येत, पांढऱ्या मुळांत आणि जुनं पान किती दिवस हिरवं राहिलं यात दिसतो.

पिवळेपणाही एका जातीचा नसतो. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. जुनं पान सगळीकडून सारखं फिकं, तर नत्र. जुन्या पानाचं टोक आणि कडा आधी वाळतात, मधला भाग हिरवा राहतो आणि करपा हळूहळू आत सरकतो, तर ते मीठ. आणि सगळं बेटच मलूल दिसत असेल तर बुडातलं मूळ उपटून वास घ्या. काळं पडलेलं, कुजकट वासाचं मूळ म्हणजे पाणी साचून हवा कोंडलेली आहे. आपल्याकडच्या सखल रानात मीठ आणि हे पाणथळपण बहुधा जोडीनंच असतं, आणि पानं दोन्हीची लक्षणं एकदम दाखवतात.

शंका फेडायची असेल तर पुढच्या फवारणीला सहा सऱ्या बाजूला काढा. दोन सऱ्यांवर फक्त खत, दोन सऱ्यांवर खत आणि संप्रेरक, दोन सऱ्यांवर नुसतं पाणी. तिन्ही जोड्या एकाच मगदुराच्या जागेत हव्यात. एक उंचावर आणि एक खोलगटात असं नको. काठीला रंगीत चिंध्या बांधून खुणा करा आणि तीन-चार आठवड्यांनी दहा फूट लांबीतले फुटवे मोजा. दुसऱ्या जोडीत पहिलीपेक्षा काही फरक नसेल, तर तुमच्या रानात ती बाटली नत्राच्या जिवावर जगते आहे.

लेबलही नीट वाचा. जिबरेलिक अ‍ॅसिड (जिबरेलिन), एनएए (एक कृत्रिम ऑक्सिन), होमोब्रासिनोलाइड ही वाढ नियंत्रकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक, अमिनो अ‍ॅसिड असली जैव उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात घेतली आहेत. दोन्ही प्रकारांत आत काय आणि किती टक्के हे छापलेलं असायला हवं. नुसतं "चमत्कारी फॉर्म्युला" लिहिलेली आणि घटक न छापलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

मिठात सापडलेलं झाड काय करतं

हा भाग कळला की कोणतं संप्रेरक कधी वापरायचं हे पाठ करावं लागत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिठाचा मार दोन टप्प्यांत बसतो. पहिला टप्पा पाण्याचा. मातीच्या पाण्यात मीठ वाढलं की तेच पाणी ओढून घ्यायला मुळाला जास्त जोर लागतो. सरी ओली असते आणि पीक मात्र तहानलेलं. हे काही मिनिटांत ते तासांत सुरू होतं. झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल वाढतं, ते पानावरची रंध्रं बंद करायला लावतं. पाणी उडून जाणं थांबतं, पण रंध्रं बंद झाली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. साखर कमी तयार होते, नवं पान छोटं निघतं, बाजूचे डोळे झोपून राहतात. फुटवे थांबतात ते इथं. पान अजून करपलेलं नसतं, म्हणून शेतकऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा टप्पा विषारीपणाचा. आठवड्यांमागून आठवडे सोडियम आणि क्लोराइड पाण्याबरोबर वर चढून पानात साठत राहतात. जुन्या पानातून पाणी जास्त दिवस उडालेलं असतं, म्हणून साठाही तिथंच जास्त, आणि करपा आधी तिथं. सोडियम आत शिरतो तेव्हा पेशीतलं पोटॅशियम बाहेर गळतं. पीक मीठ सोसतं की नाही हे बऱ्याच अंशी यावर ठरतं, की त्याला सोडियम मुळातच अडवून ठेवता येतो का आणि पोटॅशियम धरून ठेवता येतं का.

या दोन्ही टप्प्यांत संप्रेरकांची उलथापालथ होते. मुळाच्या टोकाशी सायटोकायनिन तयार होतं. ते वर जाऊन पानाला तरुण ठेवतं, डोळ्यांना फुटायला लावतं. मिठात ते कमी पडतं. इथिलीन वाढतं आणि पानं लवकर पिकतात. त्यात पाणी साचलेलं असेल तर इथिलीन आणखी. ऑक्सिन मुळांची दिशा ठरवतं. मूळ खाऱ्या थरापासून वळून दुसरीकडं जाऊ पाहतं, आणि ते वळण ऑक्सिनच्या वाटपातल्या फरकानं येतं असं २०१३ साली दाखवलं गेलं. म्हणजे मूळ आंधळेपणानं मिठात घुसत नाही, त्याला बाजूला गोडी माती मिळाली तर ते तिकडं वळतं. सॅलिसिलिक आम्ल आणि ब्रासिनोस्टेरॉइड्स पेशीची संरक्षण व्यवस्था जागी करतात. मिठाच्या ताणात तयार होणारे जहाल ऑक्सिजनचे रेणू निकामी करणारी विकरं (एन्झाइम) वाढतात, प्रोलीनसारखी पाणी धरून ठेवणारी द्रव्यं साठतात, पोटॅशियमची गळती कमी होते.

आता जिबरेलिन. आपल्याकडं सर्वांत जास्त खपतं आणि क्षारपड रानात सर्वांत जास्त चुकीच्या वेळी वापरलं जातं ते हेच. १९२६ साली जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी भाताच्या एका बुरशीजन्य रोगावर काम करताना दाखवलं, की बुरशीतून येणाऱ्या द्रव्यानं रोपं अवाजवी उंच वाढतात. जिबरेलिनचा शोध तिथून सुरू झाला. ताण आला की झाड जिबरेलिन कमी करतं. त्यानं डेला नावाची प्रथिनं टिकून राहतात, ती वाढ रोखून धरतात, आणि हे रोखून धरणंच झाडाला वाचवतं. ज्या रोपांत ही प्रथिनं नाहीत ती मिठात लवकर मरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. भर ताणात वरून जिबरेलिन मारणं म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक सोडण्यासारखं आहे. ऊस वर सरकतो, कांडी लांब आणि बारीक, मुळं होती तेवढीच, आणि पंधरा दिवसांनी पडझड आधीपेक्षा जास्त. "मारल्यावर जोरात निघाला आणि मग एकदम बसला" असं कुणी सांगितलं की मी पहिल्यांदा बाटलीवर जिबरेलिन आहे का ते बघायला सांगतो.

मीठ येतंय कुठून?

लक्षणं दरवर्षी परततात, कारण मीठ दरवर्षी परततं. त्याच्या वाटा शोधायला कुदळ, एक बाटली आणि माती परीक्षणाचा अहवाल एवढं पुरतं.

खराब कोपऱ्यात कमरेइतका खड्डा काढा, आणि चांगल्या भागातही एक. रात्रभर ठेवून सकाळी बघा. तीन-साडेतीन फुटांवर पाणी जमलं असेल तर दोष पाणीपातळीचा आहे. उन्हाळ्यात हे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, पाणी उडून जातं आणि मीठ वरच राहतं. काळ्या चिकण मातीत पाण्याची ही चढण चांगली चार-पाच फुटांची असते. नृसिंहवाडीच्या आसपास, जिथं कृष्णा आणि पंचगंगा मिळतात, तिथल्या सखल शिवारात आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागं हे नेहमी दिसतं. नदी अडवून भरलेली असते तेव्हा काठच्या रानाचा निचरा नदीकडं मंदावतो, आणि वरून आपलं पाटपाणी चालूच.

मग माती कोणत्या प्रकारची बिघडली आहे ते बघा. वर पांढरी, पायाखाली फुसफुशीत दबणारी खपली असेल तर विद्राव्य क्षार. काळपट, तेलकट पापुद्रा आणि पाणी दिल्यावर दिवसेंदिवस न मुरणारं डबकं असेल तर चोपण, म्हणजे सोडियमनं मातीचे कण फोडले आहेत. खात्री करायची तर काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, त्यात सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लास न हलवता ठेवून द्या. काही तासांनी ढेकळाभोवती दुधट ढग पसरलेला दिसला तर चोपण. ढेकूळ नुसतं विस्कटलं आणि पाणी नितळ राहिलं तर चोपणपणा नाही. बोअरच्या पाण्यात ही चाचणी करू नका, त्यातल्या क्षारांनी ढग बसून जातो आणि निकाल फसवा येतो.

हा फरक पैशाचा आहे. चोपण रानाला जिप्सम लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हुसकावतं. पण तो हुसकावलेला सोडियम निचऱ्यावाटे बाहेर गेला पाहिजे. नुसत्या क्षारयुक्त रानाला जिप्समचा फायदा नाही, तिथं पाण्यानं धुणं हाच उपाय. मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला तर चुनखडी आहे. अशा चोपण रानात गंधकही चालतं, कारण जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं करतं. त्याला ओल आणि काही आठवडे द्यावे लागतात.

अहवाल वाचताना एका जागी फार लोक फसतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती याचं माप) मीटरला ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त. हातातल्या अहवालात १.५ दिसते, आणि माणूस निर्धास्त होतो. पुस्तकातला आकडा संपृक्त अर्काचा आहे, म्हणजे माती जेमतेम भिजेल एवढ्याच पाण्यातला. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून मोजतात, त्यात मीठ पातळ होतं. भारी काळ्या मातीत हा आकडा साधारण तिपटीनं वाढवला की संपृक्त अर्काचा अंदाज येतो. म्हणजे तुमची १.५ ही प्रत्यक्षात साडेचारच्या आसपास आहे. उसाचं उत्पादन संपृक्त अर्काच्या १.७ पासूनच घटायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे सहा टक्के जातं. साडेचारला हिशेब करा: साधारण सोळा टक्के ऊस आधीच गेलेला आहे, आणि रान वरून "थोडं खारवट" एवढंच दिसतं. टोमॅटो २.५ पर्यंत सोसतो, मिरची १.५ पर्यंतच. सोयाबीन ५ पर्यंत टिकतं, पण त्यापुढं एकदम कोसळतं.

पाण्याचाही अहवाल काढा. एक एकरात एक इंच पाणी म्हणजे लाखभर लिटर. पाण्याची ईसी १ असेल तर लिटरमागं सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार. तीन इंची एक पाळी दिली की एकरात दोनशे किलोच्या आसपास मीठ उतरलं. अशा वीस पाळ्या धरा: चार टन. माणूस खताची पोती मोजतो, ही पोती कुणी मोजत नाही. नदीचं पाणी असताना केवळ वीज सोयीची म्हणून विहीर-बोअरचं पाणी फिरवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा.

आणि एक वाट अगदी नजरेसमोरची आहे, तरी ती सुटते: भरणी, म्हणजे उसाच्या बुडाला माती लावणं. सरीत पाणी, मध्ये वरंबा. पाणी सरीतून वरंब्यात चढतं आणि माथ्यावर सुकतं, म्हणून सगळ्यांत जास्त मीठ वरंब्याच्या माथ्यावर साठतं. हिवाळ्यात लावलेल्या सुरू उसाची मोठी भरणी एप्रिल-मेमध्ये येते, म्हणजे मिठाचा थर सगळ्यांत जाड असताना. अवजार वरंबा फोडतं आणि तीच माती उसाच्या बुडाला लागते, जिथून नवी मुळं फुटायची असतात. भरणीनंतर आठ-दहा दिवसांत पिवळेपणा येत असेल तर कारण शोधायला लांब जाऊ नका. पांढरं फुटलेल्या पट्ट्यात भरणीआधी वरंब्याचा वरचा दोन बोटं थर खरवडून रानाबाहेर टाका. वळवाचा एखादा दणकून पाऊस होऊन गेला असेल तर त्यानंतर भरणी करा. भरणी झाल्यावर लगेच एक भरपूर पाणी द्या, त्याआधी फवारणीचा विचारही नको.

कोणतं संप्रेरक, कोणत्या वेळी

सर्वांत चांगला उपयोग बेणं आणि रोपाच्या वेळी होतो. उगवण आणि पहिले दोन-अडीच महिने ऊस मिठाला सर्वांत नाजूक असतो, आणि बेणेप्रक्रियेला द्रव्यही कमी लागतं. गहू-हरभऱ्यासारख्या बियाण्याला जिबरेलिन किंवा सॅलिसिलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात भिजवून सावलीत सुकवलं तर खारवट मातीतली उगवण सुधारते. जिबरेलिन वाईट नाही, त्याची जागा बियाण्यात आहे. उसात टिपरीऐवजी (डोळ्यासकट कांडीच्या तुकड्याऐवजी) ट्रेमधलं रोप लावलं तर उगवणीचा नाजूक काळ खारवट मातीत घालवावाच लागत नाही. माझ्या मते कोणत्याही बाटलीपेक्षा हा बदल मोठा आहे. जातही बघा. फुले २६५ क्षारपड रानात इतर जातींपेक्षा चांगली तग धरते.

उभ्या पिकात सॅलिसिलिक आम्ल स्वस्तातलं आणि भरवशाचं. प्रयोगांत बहुधा अर्धा ते एक मिलिमोलर वापरतात, म्हणजे लिटरला ७० ते १४० मिलिग्रॅम. पंधरा लिटरच्या पंपाला दीड ग्रॅम टाकलं की १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम) होतं. गार पाण्यात ते पटकन विरघळत नाही, तळाशी बसतं आणि शेवटच्या पंपात पानं जळतात. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात ओता. शुद्ध पावडरच घ्या आणि पहिल्यांदा चार सऱ्यांवरच करून बघा. इथं "थोडं जास्त टाकू" चालत नाही. मात्रा वाढली की तेच आम्ल वाढ खुंटवतं.

होमोब्रासिनोलाइड मीठ, ऊन आणि पाण्याचा ताण तिन्हीत उपयोगी पडतं. ब्रासिनोस्टेरॉइड्सपैकी पहिलं द्रव्य मोहरीच्या कुळातल्या एका पिकाच्या परागकणांतून १९७९ साली वेगळं केलं गेलं. बाजारात ०.०४ टक्क्यांची तयार औषधं असतात, यावरूनच लक्षात घ्या की किती सूक्ष्म मात्रेत काम होतं. लेबलवर ज्या पिकासाठी जेवढी मात्रा आहे तेवढीच.

समुद्री शेवाळाच्या अर्कात सायटोकायनिनसारखी द्रव्यं आणि बीटेन असतं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेनं कप्पाफायकस शेवाळाच्या रसावर बरंच काम केलं आहे. फुटवे फुटण्याच्या काळात मुळाशी पोहोचलं तर त्याचा उपयोग जास्त दिसतो, म्हणून मी फवारणीपेक्षा आळवणीला, म्हणजे बुडाशी द्रावण ओतण्याला, झुकतं माप देईन.

पाणथळ आणि खारवट अशा दुहेरी त्रासाच्या रानात इथिलीन कमी करणारे जिवाणू उपयोगी पडतात. काही स्युडोमोनास जिवाणूंकडं एक विकर असतं, ते इथिलीन बनायच्या आधीचं द्रव्य फोडून अमोनिया करतं. मुळाभोवती असे जिवाणू असले की इथिलीनचा चढ कमी होतो आणि मूळ वाढत राहतं. हे कुजलेल्या शेणखतात मिसळून, वापसा (ना चिखल, ना कोरडं) असताना, संध्याकाळी बुडाशी द्या. उन्हात तापलेल्या सरीत टाकलं तर पैसे वाया.

आणि इथिफॉन? ते झाडात जाऊन इथिलीनच सोडतं. मिठानं आधीच पानं पिकत असताना उभ्या उसावर ते मारण्याचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा.

भर करपा असताना, भर दुपारी, रान सुकलेलं असताना कोणतंही संप्रेरक मारू नये. आधी पाणी, दोन-तीन दिवसांनी वापसा, मग सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर फवारणी. पाणी दिल्यानं मीठ मुळाखाली सरकलेलं असतं, मुळं काम करायला मोकळी असतात, आणि तेव्हाच मिळालेला इशारा झाडाला पेलता येतो.

फवारणीचं पाणी

बोअरच्या जड, खाऱ्या, ८ च्या वर सामू (पीएच) असलेल्या पाण्यात ही औषधं मिसळू नका. जिबरेलिन अल्कलीत टिकत नाही. पावसाचं साठवलेलं किंवा नदीचं गाळलेलं पाणी घ्या, सामू ६ ते ७ च्या दरम्यान आणा, तेवढ्यासाठी लिंबूसत्वही चालतं. मिश्रण केल्याकेल्या वापरा, रात्रभर ठेवू नका.

मिळालेल्या दिवसांत काय करायचं

मुळाच्या एका फूट थरातले सुमारे ऐंशी टक्के विद्राव्य क्षार खाली न्यायला साधारण एक फूट पाणी त्या थरातून पार व्हावं लागतं. पार होणं महत्त्वाचं. साचून राहिलेलं पाणी धूत नाही, कुजवतं. उभ्या उसात एवढं पाणी देता येत नाही, म्हणून धुणं लावणीआधी किंवा पावसाळ्यात. शिरोळचा पाऊस राधानगरी-गगनबावड्यासारखा नाही, तेव्हा जो पडतो तो रानातच मुरेल अशी बांधबंदिस्ती आणि मुरलेला बाहेर जाईल असा चर, दोन्ही पावसाआधी हवं. मे-जूनमध्ये धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्यात गाडला तर मातीची छिद्रं उघडतात आणि हेच पाणी जास्त काम करतं. धैंचा खारवटपणा आणि पाणथळपणा दोन्ही सोसतो, ताग तेवढा सोसत नाही.

पाणीपातळीच वर असेल तर उघडा चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप यांना पर्याय नाही. पाइप साधारण तीन-चार फुटांवर, उताराला, गाळणीचं कापड गुंडाळून टाकतात आणि पाणी ओढ्यात किंवा चेंबरमध्ये काढतात. एकट्या एकरात हे फारसं जमत नाही, कारण वरच्या रानाचं पाणी तुमच्यात येतं आणि तुमचं खालच्यात जातं. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी गट करून अशी कामं केली आहेत; ज्यांच्या गावात झाली असतील तिथं जाऊन मुख्य पाइपाच्या तोंडाशी उभं राहून बाहेर पडणारं पाणी बघा, जमलं तर त्याची ईसी मोजा. सल्ल्यासाठी सांगलीजवळचं कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र क्षारपड जमिनींवर काम करतं.

खतातही एक बदल लगेच करता येतो. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश वापरत असाल तर त्यातून क्लोराइड जातं, आणि क्लोराइड रानात आधीच जास्त आहे. त्या कोपऱ्यापुरतं तरी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. महाग पडतं, पण चौथ्या टॉनिकाच्या बाटलीपेक्षा कमीच. पाचट जाळू नका, सरीत पसरा. माती झाकली की बाष्पीभवन घटतं आणि मीठ वर चढायचा वेग मंदावतो.

ठिबकवर टोमॅटो, मिरची, ढोबळी असेल तर मीठ ओल्या गोलाच्या कडेला साठतं. पहिला हलका वळीव आला की लोक ठिबक बंद करतात, आणि तेवढ्याशा पावसानं कडेचं मीठ परत मुळांवर लोटलं जातं. दुसऱ्या दिवशी झाडं माना टाकतात आणि दोष पावसाला लागतो. पाऊस हलका असेल तर ठिबक चालूच ठेवा. चांगला मुरवणी पाऊस झाल्यावरच बंद करा.

मातीचा नमुना मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात काढा, तेव्हा वरचं मीठ सगळ्यांत जास्त असतं. खराब कोपऱ्याचा आणि चांगल्या भागाचा नमुना एकत्र करू नका. एक फुटापर्यंतचा आणि एक ते दोन फुटांतला, अशा चार पिशव्या. अहवाल मागताना ईसी कोणत्या प्रमाणात मोजली हे लिहून द्यायला सांगा, आणि चोपणाची शंका असेल तर विनिमय सोडियमची (मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमची) टक्केवारी आणि जिप्समची गरजही मागा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच पंधरवड्यात परत काढा. दोन फुटांतली ईसी खाली येत असेल तर संप्रेरकावर खर्च करायला हरकत नाही. ती चढत असेल तर ते पैसे चराच्या खोदाईला द्या.